हायब्रिड अ‍ॅम्पमधला व्हॉल्व्ह: काम करतोय का नुसता दिवा लावलाय?

राजारामपुरीकर
नमस्कार मंडळी. एक अ‍ॅम्प बांधायचं मनात आहे, हायब्रिड. म्हणजे पुढे व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतली काचेची नळी) आणि मागे मॉस्फेट (पॉवरचा ट्रान्झिस्टर) किंवा चिप. माझं ऐकणं मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीत, वडिलांनी जमवलेल्या ७८ च्या तबकड्या आता कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्यात. स्पीकर बुकशेल्फ, ८ ओहम, ८६ डीबी, म्हणजे तसे आळशीच. खोली दहा बाय बारा.
तर प्रश्न असा. ऑनलाइन ते ६जे१ व्हॉल्व्हचे छोटे प्रीअ‍ॅम्प (पॉवर अ‍ॅम्पच्या आधी लावायचे) मिळतात, १२ व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरवर चालणारे, आणि लोक त्याच्यावर फिदा आहेत. माझं म्हणणं, पुस्तकात सगळीकडे प्लेटला (व्हॉल्व्हचं सिग्नल बाहेर देणारं टोक) २५० व्होल्ट लिहिलेत, मग एवढ्याशा व्होल्टेजवर तो व्हॉल्व्ह काय कप्पाळ काम करणार? ती नुसती शोभा, आवाज सगळा मागच्या आयसीचा. कुणी बांधलाय का? का गप पूर्ण व्हॉल्व्हचाच अ‍ॅम्प करावा?

भडंग
मी पहिला! प्रश्न डोक्यावरून गेला. व्हॉल्व्हवर चहा गरम राहतो का तेवढं सांगा कुणीतरी.

पेठेतला_नाद
पूर्ण व्हॉल्व्हचाच कर भावा. हायब्रिड-बियब्रिड काय करालाईस, करायचं तर एकदाच, नाद खुळा.

ग्राउंडलूप
राजारामपुरीकर, "शोभा" हे अर्धंच खरं. ६जे१ हा पेंटोड (पाच इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह) आहे, ते किट आत व्होल्टेज डबल करून प्लेटला साधारण तीसेक व्होल्ट देतं. त्याच्यावर व्हॉल्व्ह चालतो, खोटं नाही. पण इतक्या कमी व्होल्टेजवर ग्रिडचा (सिग्नल आत घेणारं टोक) बायस, म्हणजे सिग्नल नसतानाही असणारं ठरावीक व्होल्टेज, जेमतेम अर्धा-एक व्होल्ट उरतो. सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटलचा अ‍ॅनालॉग करणारा डबा) देतो २ व्होल्ट आरएमएस, म्हणजे पीक २.८. तो थेट ग्रिडवर सोडला की ग्रिडच करंट ओढायला लागते आणि सिग्नलचं वरचं टोक चेपतं. म्हणून त्या किटात व्हॉल्यूमचा पॉट (आवाज कमीजास्त करायचं बटण) व्हॉल्व्हच्या आधी असतो. आणि हो, बऱ्याच किटात व्हॉल्व्हच्या बुडाखाली नारिंगी एलइडी असतो. तो मात्र शंभर टक्के दिवा.

राजारामपुरीकर
एलइडी?? खरंच? फिलामेंट एवढं झगझगीत कसं दिसतं हा प्रश्न मला पडलाच होता.

तात्या_रेडिओवाले
कमी व्होल्टेजवर व्हॉल्व्ह चालत नाही असं कोण म्हणतंय? आमच्या दुकानात जुन्या गाड्यांचे रेडिओ यायचे. आधीच्या गाड्यांत बॅटरीवरनं हाय टेन्शन (प्लेटला लागणारं जास्त व्होल्टेज) काढायला व्हायब्रेटर असायचा, घूं करत बसायचा आणि सगळ्यात आधी तोच मरायचा. मग १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत खास १२ व्होल्ट प्लेटवर चालणारे व्हॉल्व्ह काढले, सरळ गाडीच्या बॅटरीवर. पण एवढ्या व्होल्टेजवर स्पीकर हलवण्याइतकी पॉवर व्हॉल्व्ह देईना, म्हणून शेवटी एक जर्मेनियमचा पॉवर ट्रान्झिस्टर. झाला हायब्रिड. कुणाला "उबदार आवाज" पाहिजे म्हणून नव्हे, व्हायब्रेटरची कटकट गेली म्हणून.
आपल्याकडं बीइएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स) बेंगळुरूचे व्हॉल्व्ह मिळायचे, चांगले असायचे. आता कुणी शोकेसला ठेवतंय आणि कुणी दहापट भावानं विकतंय.

सोल्डरगन
तात्या भारी माहिती. ते १२ व्होल्टवाले व्हॉल्व्ह वापरूनच पीट मिलेट नावाच्या डिझायनरनं त्याचा हेडफोन अ‍ॅम्प केला होता, व्हॉल्व्ह पुढे आणि बफर आयसी (करंट देणारी चिप) मागे. हेडफोनला थोडाच स्विंग (व्होल्टेजचं वरखाली होणं) लागतो म्हणून तिथं ते जमतं.

उद्यमनगरी
पेठेतल्या नादाला उत्तर. पूर्ण व्हॉल्व्ह कर म्हणणं सोपं आहे, आउटपुट ट्रान्सफॉर्मर कोण देणार? ८ ओहमचा स्पीकर व्हॉल्व्हला ५ हजार ओहम वाटला पाहिजे, म्हणजे वळणांचं गुणोत्तर २५ ला १. सिंगल एंडेड (सगळा सिग्नल एकाच व्हॉल्व्हमधून) असेल तर प्लेटचा डीसी करंट त्याच वाइंडिंगमधनं जातो, कोअर सॅच्युरेट होऊ नये म्हणून स्टॅम्पिंगमध्ये (कोअरच्या लोखंडी पट्ट्यांत) गॅप ठेवावी लागते. आणि प्रायमरी-सेकंडरी एकावर एक नुसती गुंडाळून भागत नाही, थर आलटून पालटून घ्यावे लागतात.
मी इथल्याच एका मोटर वाइंडिंगवाल्याकडून करून घेतला होता. माणूस हुशार, पण त्याची सवय पाच एचपीच्या पंपाची. तीन किलोचा गोळा दिला. बेस जोरात, ट्रेबल गायब, सतार ऐकली की गादीखाली ठेवून वाजवतायत असं वाटायचं. हायब्रिड करायचा तो या गोळ्यापासनं सुटका म्हणून. व्होल्टेज व्हॉल्व्हनं वाढवायचं, करंट मॉस्फेटनं द्यायचा, ट्रान्सफॉर्मर फक्त पॉवरचा.

पेठेतला_नाद
आमच्या मंडळाच्या अ‍ॅम्पात इएल३४ पॉवर व्हॉल्व्ह होते आणि भोंगा आख्ख्या मंगळवार पेठेला ऐकू जायचा, तवा कुणी वळणं मोजत न्हवतं 😄

उद्यमनगरी
भोंग्याला ट्रेबल-बेस दोन्ही नसलं तरी चालतं मर्दा.

ओहमचा_नियम
मी या धाग्यावरचा खडूस. व्हॉल्व्हचा आवाज म्हणजे डिस्टॉर्शन, मुख्यतः सेकंड हार्मोनिक (मूळ स्वराच्या दुप्पट फ्रिक्वेन्सी), त्यात थोडा आउटपुट इंपीडन्स (बाहेर येणाऱ्या सिग्नलला होणारा अडथळा). आवडत असेल तर घाला, पण "खरा आवाज" म्हणू नका. आणि तुलना करताना लेव्हल जुळवा. व्हॉल्व्हचा प्रीअ‍ॅम्प जोडला की आवाज वाढलेला असतो, अर्धा डीबी जास्त असला तरी माणसाला तो "मोठा" न वाटता "चांगला" वाटतो. मल्टिमीटरनं स्पीकर टर्मिनलवर व्होल्टेज मोजा, ०.१ डीबीपर्यंत आणा, कोणता चालू आहे ते दुसऱ्याला बदलू द्या. आम्ही मित्रांनी शाहूपुरीत एकाच्या घरी असं केलं होतं. आधी छातीठोक बोलणारे सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले. एक गडी मात्र दर वेळी बरोबर सांगत होता. नंतर कळलं व्हॉल्व्हवाल्याला बारीक हम (लाइटची घूं) होता, तो ते ऐकत होता.

भडंग
हा हा हा. हम ओळखणारा माणूस मला आवडला.

निषाद
मी गाणं शिकते, सर्किट मला येत नाही. पण ओहमचा_नियम, तुम्ही "डिस्टॉर्शन" असं म्हणता की जणू घाणच. षड्जाचा सेकंड हार्मोनिक म्हणजे तार षड्ज. थर्ड म्हणजे तार सप्तकातला पंचम. पाचवा म्हणजे त्याच्याही वरचा गंधार, खर्जाच्या तारेत ऐकू येतो तोच. तानपुऱ्याला जवारी लावतो म्हणजे दुसरं काय करतो? घोडीवर तारेखाली दोरा सरकवून हे वरचे स्वर मुद्दाम जागे करतो. जवारी नसलेला तानपुरा "शुद्ध" असतो, पण त्याच्यासमोर कोण गाईल? व्हॉल्व्ह हे तसंच काहीतरी करत असेल तर मला त्यात वावगं वाटत नाही.

पेठेतला_नाद
काटा किर्र! ताई एक नंबर.

ग्राउंडलूप
+१. आणि यातनं आणखी एक गोष्ट निघते. "सम हार्मोनिक गोड, विषम कर्कश" हे जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते तितकंसं खरं नाही. तिसरा पंचम आणि पाचवा गंधार असेल तर ते कर्कश कसे? कान खातात ते सातव्यापासून पुढचे, त्यातले बरेच कुठल्याच स्वरावर नीट बसत नाहीत. त्यांचा किंचित अंशसुद्धा ऐकू येतो.

मिरजकर
जवारीवर बोलायचा हक्क आम्हा मिरजवाल्यांचा, त्यामुळे येतोच. निषाद ताई, उपमा सुंदर आहे पण एक फरक राहिला. जवारी एका तारेवर काम करते. अ‍ॅम्प सगळ्यावर एकदम काम करतो, गळा, तानपुरा, पेटी, तबला सगळं एकाच व्हॉल्व्हमधून जातं. दोन स्वर एकत्र गेले की नुसते त्यांचे हार्मोनिक येत नाहीत, बेरीज-वजाबाकीच्या फ्रिक्वेन्सीही येतात, इंटरमॉड्युलेशन म्हणतात ते.
सा २४० हर्ट्झ धरा, पंचम ३६०. वजाबाकी १२०, म्हणजे मंद्र सा. बेरीज ६००, म्हणजे तार गंधार. वा, सगळं सुरात! आता सा आणि कोमल रिषभ घ्या, २४० आणि २५६. वजाबाकी १६, ती ऐकूच येत नाही. बेरीज ४९६. तार सा ४८०, तार कोमल रे ५१२, हा ४९६ दोघांच्या मधे बेवारशी. तो कुठल्याही रागात बसत नाही. एकटा गळा आणि तानपुरा असेल तर हे फारसं जाणवत नाही, उलट भरल्यासारखं वाटतं. पन्नास व्हायोलिनवालं सिनेमाचं गाणं लावलं की गढूळ. माझ्याकडे सिंगल एंडेड ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह) अ‍ॅम्प आहे आणि त्याच्यावर मी ऑर्केस्ट्रा लावत नाही.

निषाद
हे पटलं. म्हणजे तोडी-मारव्यापेक्षा भूप जास्त गोड लागेल व्हॉल्व्हवर? ऐकून बघायला पाहिजे.

ओहमचा_नियम
मिरजकर, ही माझीच बाजू झाली, पण माझ्यापेक्षा चांगली मांडली तुम्ही. तरी माझा अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचाच राहणार.

भडंग
अवांतर: गाण्याचा आणि व्हॉल्व्हचा विषय निघालाच आहे तर केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाच्या सोन्याच्या तबकडीवर गेली ना? अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, आणि खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात, म्हणजे आपला कोल्हापूरचा माल अंतराळात!

सोल्डरगन
अवांतर नाही रे भावा, विषयातच आहे. व्हॉयेजरचा एक्स बँडचा (मायक्रोवेव्ह लहरींचा) ट्रान्समीटर ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूबवर चालतो, म्हणजे व्हॉल्व्हच. पुढे सिग्नल तयार करणारा भाग ट्रान्झिस्टरचा आणि शेवटी पॉवरला ट्यूब. तो पण हायब्रिड, फक्त उलटा.

तात्या_रेडिओवाले
उलटा हायब्रिड गिटारवाल्यांत पण होता. म्युझिक मॅनचे १९७० च्या दशकातले अ‍ॅम्प, लिओ फेंडरची कंपनी, प्रीअ‍ॅम्प सॉलिड स्टेट आणि आउटपुटला व्हॉल्व्ह. त्यांना आउटपुट व्हॉल्व्ह दाबल्यावर येणारा आवाज पाहिजे होता, ट्रान्सफॉर्मरचा खर्च त्यांनी मान्य केला. म्हणजे व्हॉल्व्ह कुठं ठेवायचा ते तुम्हाला त्याच्याकडनं काय पाहिजे त्यावर.

पेठेतला_नाद
केसरबाई वाजवत गेलेल्या यानात व्हॉल्व्ह, आणि इथं ह्यो खडूस म्हणतोय डिस्टॉर्शन. जगात भारी कोल्हापुरी.

सोल्डरगन
मूळ प्रश्नाकडे येतो. राजारामपुरीकर, पूर्ण हायब्रिड पॉवर अ‍ॅम्प करणार असशील तर हा हिशोब बघ. ८ ओहममध्ये ५० वॅट म्हणजे २० व्होल्ट आरएमएस, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत ५६ व्होल्ट. मॉस्फेट सोर्स फॉलोअर व्होल्टेज वाढवत नाही, तो फक्त करंट देतो, तेव्हा हे सगळे ५६ व्होल्ट व्हॉल्व्हनं द्यायचे. ३० व्होल्टच्या सप्लायवर ते होणारच नाही. २५० व्होल्टवर इसीसी८२ ला (एका काचेत दोन ट्रायोड) आरामात जमतं, गेन (किती पट वाढतं ते) १४-१५ येतो, डॅक २ व्होल्ट देतोय म्हणजे एकच स्टेज पुरतो, फीडबॅकही लागत नाही. तुझी शंका इथं बरोबर आहे: प्रीअ‍ॅम्पला कमी व्होल्टेज चालून जाईल, पॉवर अ‍ॅम्पला नाही. मी इसीसी८३ व्हॉल्व्ह लावून आयआरएफपी२४० मॉस्फेट चालवणार आहे, गेन जास्त.

ग्राउंडलूप
इसीसी८३ नको. १०० के (किलोओहम) प्लेट रेझिस्टर धरला तर त्याचा आउटपुट इंपीडन्स ३८ के च्या आसपास. आयआरएफपी२४० ची इनपुट कपॅसिटी डेटाशीटवर १३०० पिकोफॅरड. गुणून बघ, ३२०० हर्ट्झलाच आवाज उतरायला लागेल.

ओहमचा_नियम
तो हिशोब कॉमन सोर्सला (व्होल्टेज वाढवणाऱ्या जोडणीला) धरून झाला. मॉस्फेटचे पाय तीन: गेट, सोर्स, ड्रेन. फॉलोअरमध्ये सोर्स गेटच्या मागोमाग वरखाली होतो, त्यामुळे गेट-सोर्स कपॅसिटीचा बहुतेक भाग दिसतच नाही. उरते ती मुख्यतः गेट-ड्रेन, शंभर-दीडशे पिको आणि वायरिंगची थोडी. त्याने २०-२५ किलोहर्ट्झपर्यंत जाईल.

ग्राउंडलूप
बरोबर, पण ते एका मॉस्फेटचं. ५० वॅटला तू निदान वरचा आणि खालचा असे दोन लावणार, ड्रेन-गेट कपॅसिटी व्होल्टेज कमी झालं की वाढते, म्हणजे मोठ्या स्विंगला अजूनच. पुन्हा २० किलोहर्ट्झच्या आत येतोस. कमी इंपीडन्सचा व्हॉल्व्ह घ्या ना सरळ. इसीसी८८ घ्या, तो मुळात टीव्हीच्या ट्यूनरसाठी केलेला, ९० व्होल्टवर छान चालतो, पण मग स्विंग मोजूनमापून. नाहीतर इसीसी८२ आणि मागे कॅथोड फॉलोअर (व्होल्टेज न वाढवता करंट देणारा व्हॉल्व्ह).

सोल्डरगन
चला, ८२ आणि फॉलोअर. दोघांनी मिळून माझा इसीसी८३ चा जोड घरात बसवला.

उद्यमनगरी
आणि क्लास ए करायच्या भानगडीत पडू नका. सिंगल एंडेड क्लास ए मॉस्फेटची कार्यक्षमता फार तर २५ टक्के, १० वॅट पाहिजेत तर एका चॅनेलला ४० वॅट सतत जाळायचे, गाणं असो नसो. डिसेंबरमध्ये मस्त वाटतं. एप्रिलमध्ये बायको अ‍ॅम्पसकट बाहेर काढते.

अनुराधा_के
बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. मी असा हायब्रिड बांधलाय, दोन गोष्टी कुणी बोललं नाही म्हणून सांगते. पहिली, स्विच टाकल्यावर व्हॉल्व्ह थंड असतो, करंट शून्य, त्यामुळे प्लेट सगळ्या सप्लाय व्होल्टेजवर जाऊन बसते. गरम झाला की ती हळूहळू निम्म्यावर उतरते. हा उतार कपलिंग कपॅसिटरमधून मॉस्फेटच्या गेटवर जातो आणि स्पीकरचा कोन आत-बाहेर जातो. तेव्हा अर्ध्या मिनिटाचा डिले असलेला रिले स्पीकरला पाहिजेच, आणि गेट-सोर्समध्ये झेनर (व्होल्टेज ठरावीक मर्यादेत ठेवणारा डायोड), कारण या मॉस्फेटची गेटची मर्यादा २० व्होल्ट.
दुसरी, आमच्याकडे रात्री अकरानंतर लाइट २५० व्होल्टपर्यंत चढते. ट्रान्सफॉर्मर २३० चा असेल तर ६.३ व्होल्टचा हीटर (व्हॉल्व्ह तापवणारी तार) ६.८ च्या वर जातो. चालतो, पण व्हॉल्व्हचं आयुष्य कमी होतं. हीटर डीसी रेग्युलेटेड करा, हमही जाईल. आणि २५० व्होल्ट डीसी म्हणजे खेळ नाही, फिल्टर कपॅसिटरवर ब्लीडर रेझिस्टर (बंद केल्यावर साठलेला चार्ज उतरवणारा) लावा, मोजताना एक हात खिशात.

तात्या_रेडिओवाले
शेवटचं वाक्य तीनदा वाचा सगळ्यांनी. शाबास पोरी.

राजारामपुरीकर
बापरे, एवढं अपेक्षित नव्हतं. म्हणजे मला सध्या प्रीअ‍ॅम्पच झेपेल असं दिसतंय. पॉवरला माझ्याकडे एलएम३८८६ चा चिप अ‍ॅम्प आहेच. पण मग त्याला गेनची गरजच नाही ना? चिप अ‍ॅम्प स्वतःच वीसपट वाढवतोय.

ग्राउंडलूप
गेनची गरज नाहीच, व्हॉल्व्हचा रंग पाहिजे आहे एवढंच. आणि इथं तुझ्या "दिवा का काम" ला खरं उत्तर आहे: पॉट कुठं लावतोस त्यावर. पॉट व्हॉल्व्हच्या आधी लावलास तर रात्री हळू आवाजात ऐकताना व्हॉल्व्हपर्यंत पन्नास मिलिव्होल्ट पोचतात. सेकंड हार्मोनिक सिग्नलच्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे तेव्हा व्हॉल्व्ह जवळजवळ काहीच करत नाही. झाला दिवा, भले २५० व्होल्ट दे. पॉट व्हॉल्व्हच्या मागे लावलास तर त्याला कायम पूर्ण २ व्होल्ट मिळतात, तो त्याचा रंग कायम टाकतो, आवाज तू नंतर कमी करतोस. इसीसी८२ ला २ व्होल्ट सहज पेलतात, बायस तेवढा देता येतो. ६जे१ च्या ३० व्होल्टवाल्या किटाला हे जमत नाही, ते चेपणार. पूर्ण हायब्रिड पॉवर अ‍ॅम्पचंही तेच, पॉट आधीच असतो, घरी एक वॅटवर ऐकतोस तेव्हा व्हॉल्व्ह ५६ ऐवजी ८ व्होल्टच हलतोय.

ओहमचा_नियम
हे मात्र नोंदवून ठेवण्यासारखं. म्हणजे लोक पूर्ण हायब्रिड घेऊन रात्री हळू आवाजात "उबदार" म्हणतात तेव्हा ते नक्की काय ऐकतात?

मिरजकर
डब्यावरचं नाव 😄

सोल्डरगन
कोर्ग कंपनीचं न्यूट्यूब पण बघ वाटलं तर, २०१५ चं, व्हीसीआरच्या डिस्प्लेचं तंत्र वापरून केलेला चपटा ट्रायोड. कमी व्होल्टेजवरच चालायला बनवलाय. फक्त मायक्रोफोनिक फार, टेबलावर बोट आपटलं की स्पीकरमधनं टिंग.

राजारामपुरीकर
न्यूट्यूब पुढच्या जन्मी. इसीसी८२ एक, दोन ट्रायोड दोन चॅनेलला, मागे १०० के चा पॉट, तिथून बारीक शिल्डेड वायर, चिप अ‍ॅम्प. आणि मधे एक बायपास स्विच टाकतो, लेव्हल जुळवून, म्हणजे ओहमचा_नियम साहेबांना बोलावून बसवता येईल. निषाद ताई, भूप आणि तोडी दोन्ही लावू. पॉवर ट्रान्सफॉर्मर कुठनं करून घेऊ?

उद्यमनगरी
पॉवरचा आमचा मोटरवाला पण नीट करतो, त्यात काही कला नाही. सेकंडरी १८० व्होल्ट, म्हणजे डीसी अडीचशे येतील, करंट ५० मिलिअँप सांग, भरपूर झाले. हीटरला वेगळं ९ व्होल्ट १ अँप वाइंडिंग, रेग्युलेटर लावायला जागा पाहिजे. दोन वाइंडिंगच्या मधे तांब्याचा शील्ड घाल म्हणून सांग, आणि त्याची टोकं एकमेकाला जोडू देऊ नको, एक वळण शॉर्ट होऊन सगळं जळतं. स्टॅम्पिंग तूच घेऊन जा, त्याच्याकडचं गंजलेलं असतं. ट्रान्सफॉर्मर पॉटपासनं लांब बसव.

अनुराधा_के
आणि पहिल्यांदा चालू करताना शंभर वॅटचा जुना बल्ब सिरीजमध्ये लाव. लख्ख पेटला तर बंद कर, काहीतरी शॉर्ट आहे.

नवा_गिटारिस्ट
दादा लोक, मला बेडरूममध्ये वाजवायला गिटारचा अ‍ॅम्प पाहिजे, यातलं कुठलं सर्किट चालेल?

पेठेतला_नाद
यातलं कुठलंच न्हाई भावा. नवीन धागा काढ, तिथं आम्ही परत भांडायला येतो.